शून्याने भागलं तर? : भास्कराचार्यांची गोष्ट

कम्प्युटरची कुठलीही नवी भाषा शिकायला घ्या, पुस्तकाचा पहिला नाही तर दुसरा धडा ठरलेला असतो. डेटा टाइप्स. या भाषेत किती प्रकारच्या किमती असतात, पूर्णांक कसा ठेवायचा, अपूर्णांक कसा, खरं-खोटं कसं, आणि कुठला प्रकार कुठल्या प्रकारात मिळवता येतो. हॉस्टेलवर हा धडा मनापासून कोणी वाचत नाही. व्हायव्हाच्या आदल्या रात्री सीनिअरच्या वहीतला तक्ता पाठ केला की काम भागतं. मग प्रॅक्टिकलमध्ये कुठून तरी भाजकात शून्य येतो, प्रोग्रॅम धाडकन बंद पडतो, आणि आपण मशीनला शिव्या देतो.

लुआ नावाची एक छोटी भाषा आहे. १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोच्या एका विद्यापीठात ती तयार झाली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र, तेव्हा चंद्रपूरवाल्यांनी तिला आपली म्हणायला हरकत नाही! भाषा एवढी आटोपशीर की तिच्यात किमतींचे प्रकार फक्त आठ. त्यातला एक निल, म्हणजे काहीच नाही. दुसरा बूलिअन, म्हणजे खरं किंवा खोटं. मग संख्या, स्ट्रिंग, टेबल, फंक्शन आणि आणखी दोन. तिच्यात १ भागिले ० केलं तर प्रोग्रॅम मरत नाही. उत्तर येतं इन्फ, म्हणजे अनंत. त्या अनंतात ५ मिळवा, उत्तर अनंतच. ५ वजा करा, तरी अनंतच.

हा नियम मात्र ब्राझीलचा नाही. पावणेनऊशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या एका माणसाने तो लिहून ठेवला होता. ते भास्कराचार्य. लगेच छाती फुगवायचं कारण नाही. कम्प्युटर आपल्या पूर्वजांकडे होताच, असं सांगणारे लेख दरवर्षी येतात आणि हा त्यातला नाही. भास्कराचार्यांनी केलं ते याहून साधं आणि माझ्या मते जास्त कठीण काम होतं. किमती किती जातींच्या, आणि प्रत्येक जातीवर प्रत्येक क्रिया केली तर काय निघतं, हे त्यांनी एकेक करून ठरवलं. एकही घर रिकामं सोडलं नाही.

स्वतःबद्दल त्यांनी फार लिहिलेलं नाही, पण जेवढं लिहिलं ते हिशेबाने. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. गोत्र शांडिल्य. गाव विज्जडविड, सह्याद्रीच्या आसऱ्याला वसलेलं. हे गाव नेमकं कुठलं यावर विद्वानांची भांडणं चालू आहेत. कोणी चाळीसगावजवळचं पाटण म्हणतं, कोणी बीड, कोणी थेट विजापूर. तेव्हा दख्खनवर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, देवगिरीचे यादव अजून त्यांचे मांडलिक होते. आपल्या वैनगंगेच्या काठची मार्कंड्याची देवळं साधारण त्याच काळाच्या आसपासची, एवढं ध्यानात ठेवलं की काळाचा अंदाज येतो.

घराणंच विद्येचं. पूर्वज त्रिविक्रम, त्यांचे चिरंजीव भास्करभट्ट यांना भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळालेली, पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ, आणि मग वडील महेश्वर. मुलाचे गुरूही महेश्वरच. म्हणजे घरातच कॉलेज, घरातच एक्स्टर्नल. अशा घरात नापास व्हायची सोय नसते.

३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती आपल्या सगळ्यांना नावाने माहीत असते. उघडून पाहिलेले मात्र थोडेच. उघडली तर पहिल्याच पानावर गणित नाही, परिभाषा आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. मग सोन्याची वजनं, लांबीची मापं, धान्याची मापं. धान्यात खारी, द्रोण, आढक, प्रस्थ आणि कुडव. गडचिरोलीकडच्या मित्रांनी इथे जरा थांबावं. धान मोजताना घरचे म्हातारे खंडी आणि कुडो बोलतात ना? कुडव हे नाव त्यापुढे ओळखीचं वाटतं. आणि खारीचं माप देताना ते मगध देशातलं, असंही आचार्य सांगून टाकतात. कारण तेच नाव दुसऱ्या मुलखात दुसऱ्या मापाचं असू शकतं. आपल्या लॅबमधली गंमत आठवा : टर्बो सी मध्ये इंट दोन बाइटचा, तोच प्रोग्रॅम जीसीसीवर नेला की इंट चार बाइटचा. नाव तेच, माप वेगळं. आधी परिभाषा सांगितली नाही तर पुढचा सगळा हिशेब वाऱ्यावर.

परिभाषेनंतर स्थानांची नावं येतात, एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा. मग आठ परिकर्मं, म्हणजे क्रिया : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन, घनमूळ. या आठही क्रिया आधी पूर्णांकांवर चालवल्या. मग तीच आठ अपूर्णांकांवर पुन्हा. आणि मग तीच आठ शून्यावर. इथे कंटाळा करून चाललं असतं. शून्याचा घन किती, हे कोण विचारणार? पण तक्ता भरायचा म्हणजे सगळा भरायचा. शून्य ही रिकामी जागा नाही, ती एक किंमत आहे आणि तिच्यावरही आठ क्रिया होतात, हे यातून आपोआप ठरतं. निल आणि शून्य यांचा घोळ करणाऱ्यांसाठी मार्कशीटचं उदाहरण पुरे. पेपरला बसून भोपळा मिळवणं वेगळं, आणि नावापुढे ॲबसेंट येणं वेगळं. पहिल्याची सरासरी काढता येते. दुसऱ्याची काय काढणार!

आठांपैकी सात क्रिया सरळ आहेत. भागाकारापाशी गाडी अडते.

भास्कराचार्यांच्या आधी दोन मोठ्या माणसांनी हे घर भरायचा प्रयत्न केला होता. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं सांगितलं. दुसऱ्या संख्येला शून्याने भागलं तर छेदात शून्य असलेली राशी होते एवढं म्हणून ते पुढे गेले. ती राशी वागते कशी, ते तसंच राहिलं. नवव्या शतकात कर्नाटकातल्या महावीरांनी सांगून टाकलं की शून्याने भागलं तर संख्या जशीच्या तशी राहते. जणू भागायला कोणी आलंच नाही, म्हणून भाकरी अख्खी उरली. ऐकायला पटतं, पण चूक आहे.

भास्कराचार्यांनी त्या राशीला खहर म्हटलं. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. आणि नाव देऊन थांबले नाहीत, तिचा स्वभावही सांगितला. तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही. प्रलयाच्या वेळी सगळे जीव अनंतात, विष्णूत, विलीन होतात आणि सृष्टीच्या वेळी पुन्हा बाहेर येतात, तरी तो अनंत तेवढाच राहतो, असा दृष्टान्त त्यांनी दिला. आज प्रत्येक प्रोसेसरमध्ये अपूर्णांकांचं जे प्रमाण पाळलं जातं, १९८५ चं आय-ट्रिपल-ई ७५४, त्यात अनंताचा बेरीज-वजाबाकीचा स्वभाव हाच आहे. फक्त अनंतातून अनंतच वजा केला तर काय, याची सोय तिथे वेगळी केलेली आहे. उत्तर येतं नॅन, म्हणजे ही संख्याच नव्हे.

मग आपला प्रोग्रॅम का पडतो? कारण तो पूर्णांकांचा भागाकार असतो. इंटच्या सगळ्या बिट्स साध्या संख्यांनीच भरलेल्या असतात, अनंतासाठी खुर्चीच ठेवलेली नसते. लुआमध्येसुद्धा पूर्णांकांचा वेगळा भागाकार केला तर शून्याला एररच येते. प्रश्न एकच, पण उत्तर किमतीच्या जातीवर ठरतं. डेटा टाइप्सचा धडा वाचायचा तो एवढ्यासाठी.

आता जरा अडचणीची गोष्ट. लीलावतीत याच प्रकरणात एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणलं, आलेल्यात त्याचंच अर्धं मिळवलं, सगळ्याला तीनने गुणलं, मग शून्याने भागलं, तर ६३ आले. संख्या कोणती? आचार्यांचं उत्तर १४. त्यांचा नियम असा की शून्याने गुणल्यावर पुढे क्रिया बाकी असतील तर लगेच शून्य लिहून मोकळं व्हायचं नाही, शून्याने गुणलेली राशी म्हणून तशीच पुढे न्यायची. पुढे शून्याने भागायची पाळी आली तर दोन्ही शून्यं एकमेकांना खातात आणि संख्या परत मिळते. दीडपट, मग तिप्पट, म्हणजे साडेचारपट ६३, म्हणून १४. हेच लुआला द्या, ती नॅन छापून गप्प बसेल. आजच्या गणिताच्या नियमाने लुआ बरोबर आहे आणि आचार्य घसरले आहेत.

पण मला ही घसरण साधी वाटत नाही. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग होतो, अशी नोंद त्यांनी तिथेच केली आहे. ग्रहाची गती दर क्षणाला बदलते, तेव्हा त्या क्षणाची गती काढायची म्हणजे अगदी बारीक अंतराला अगदी बारीक वेळाने भागायचं. सिद्धान्तशिरोमणीत त्यांनी ही तात्कालिक गती काढलेली आहे. शून्याकडे जाणाऱ्या दोन राशींचा भागाकार ठोस संख्या देऊ शकतो, हे त्यांना रोजच्या कामात दिसत होतं. लिमिटची भाषा हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी शून्य लगेच न मोजता राखून ठेवायची युक्ती केली. एम-वनच्या पेपरात लिमिट सोडवताना आपण वरचा-खालचा अवयव काटतो तेव्हा वेगळं काय करतो?

लीलावतीत किमती साध्या आहेत. बीजगणित या दुसऱ्या भागात जाती वाढतात, आणि तो भाग मला जास्त आवडतो. सुरुवातीला धन आणि ऋण, मग शून्य, मग अव्यक्त म्हणजे ठाऊक नसलेल्या किमती, मग करणी म्हणजे मूळ न काढता तशाच ठेवलेल्या वर्गमुळाच्या राशी. प्रत्येक जातीवर सहा क्रिया, म्हणून त्या प्रकरणांना षड्विध म्हणतात. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचं. माहीत असलेली संख्या असेल तर आधी रू लिहायचं, रूप शब्दातला. माहीत नसलेलीसाठी या, यावत्तावत् मधला. आणखी अज्ञात हवे असतील तर रंग वापरायचे : काळ्यासाठी का, निळ्यासाठी नी, पिवळ्यासाठी पी. म्हणजे प्रत्येक किमतीच्या गळ्यात तिच्या जातीची पाटी.

नियमही पाटी पाहूनच. बेरीज-वजाबाकी एकाच जातीत करायची. जात वेगळी असेल तर शेजारी शेजारी मांडून ठेवायचं, उगाच एकत्र करायचं नाही. तीन या आणि पाच रू म्हणजे आठ काहीच नव्हे. गुणाकारात मात्र जात बदलते. रूप आणि वर्ण यांचा गुणाकार वर्ण, सारख्याच दोन वर्णांचा वर्ग, आणि वेगळ्या दोन वर्णांचा भावित. कम्पायलर लिहिणाऱ्याने भिंतीवर लावावा असा हा तक्ता आहे. यापेक्षा आपली लुआ ढिली म्हणायची. स्ट्रिंगमध्ये लिहिलेला ५ आणि संख्या ३ यांची बेरीज सांगा, ती मुकाट्याने ८ देते. जावास्क्रिप्ट तर त्याच दोघांना चिकटवून ५३ करते. आचार्यांच्या वर्गात असल्या उत्तराला काय मिळालं असतं, ते सांगायला नको.

वर्गमुळाचंही असंच. धन संख्येला मुळं दोन, एक धन आणि एक ऋण. ऋण संख्येला मूळ नाही, कारण ती कोणाचा वर्गच नव्हे. लुआला उणे एकचं वर्गमूळ मागा, नॅन येतं. इथे दोघांचं एकमत आहे. काल्पनिक संख्या युरोपात यायला अजून चारशे वर्षं होती.

माकडांचं उदाहरण तर मजेदार आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा केले, त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसलं. कळप केवढा? समीकरण दोन उत्तरं देतं, ५० आणि ५. पाचचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. वर्ग केला की चार, म्हणजे गणिताला तेही चालतं. पण उणे दोन माकडं कोणी पाहिली आहेत? आचार्यांनी ५० ठेवलं आणि ५ नाकारलं, कारण अशा ठिकाणी ऋण किंमत लोकांना पटत नाही. संख्या म्हणून ऋण त्यांना मान्य होतं, माकडांची गिनती म्हणून नव्हतं. अनसाइन्ड इंट कधी वापरायचा, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

वर्तुळाच्या परिघासाठीही त्यांनी दोन किमती दिल्या. सूक्ष्म हवी तर ३९२७ भागिले १२५०, म्हणजे ३.१४१६, आणि व्यवहारापुरती स्थूल हवी तर २२ भागिले ७. फ्लोट आणि डबलचा झगडा इथेही आहेच.

आणि आता मोठी संख्या. एका पूर्णांकाच्या वर्गाला ६१ ने गुणायचं, त्यात १ मिळवायचा, येणारी संख्याही पूर्ण वर्ग हवी. बीजगणितात हे उदाहरण आहे आणि चक्रवाल पद्धतीने सोडवलेलं आहे. पद्धत मुळात त्यांच्या आधीच्या जयदेवांची, पण तिला सराईत हत्यार केलं ते भास्कराचार्यांनी. सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८०, आणि दुसरी संख्या १७६६३१९०४९. १६५७ मध्ये फर्माने आपल्या ओळखीच्या गणितज्ञांपुढे हेच ६१ कोडं म्हणून टाकलं, तेव्हा लीलावतीकाराला जाऊन साडेचारशे वर्षं होऊन गेली होती. हा पडताळा स्वतः करून पाहा. चार बाइटच्या इंटमध्ये दुसरी संख्या जेमतेम मावते, तिचा वर्ग मावत नाही, कचरा येतो. २०१५ च्या ५.३ आवृत्तीआधी लुआमध्ये सगळ्या संख्या डबल असायच्या, आणि डबलला पंधरा-सोळा अंकांपुढे नेमकं दिसत नाही. तिथे दोन्ही बाजूंचा फरक १ ऐवजी ० येतो. नव्या आवृत्तीत चौसष्ट बिटांचा पूर्णांक आला, तिथे फरक बरोबर १ येतो. वर्ग आहे ३११९८८२९८२८६०२६४४०१, एकोणीस आकडी. हा माणूस ते हाताने करत होता.

लीलावती म्हणजे त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला, लग्नाचा मुहूर्त टळला आणि तिच्या समाधानासाठी बापाने ग्रंथ लिहिला, ही गोष्ट शाळेपासून आपण ऐकतो. ती आली अकबराच्या दरबारातल्या फैजीकडून. १५८७ मध्ये त्याने लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्याच्या प्रस्तावनेत ती आहे. त्याआधी कुठे सापडत नाही. ग्रंथात गणितं कधी मुलीला घातलेली आहेत, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला. गोष्ट सुंदर आहे, पण चरित्र म्हणून मी तिच्यावर सही करणार नाही.

६९ व्या वर्षी, ११८३ सालाचा आरंभ धरून त्यांनी करणकुतूहल लिहिलं. पंचांग करणाऱ्यांना झटपट ग्रह काढता यावेत म्हणून केलेलं छोटं पुस्तक. आधी मोठं मॅन्युअल, मग क्विक रेफरन्स. शिकवणाऱ्याची सवय, दुसरं काय.

मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने बोलावून नेऊन आपला मुख्य पंडित केलं. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. या चांगदेवाने पाटणला एक मठ काढला, आजोबांचे आणि घराण्याचे ग्रंथ शिकवण्यासाठी. म्हणजे एका अर्थाने हॉस्टेलच. आसपास जंगल, डोंगर, आणि आत सिद्धान्तशिरोमणीचं पारायण. इ.स. १२०७ मध्ये श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने मठाला दान दिलं, त्याचा शिलालेख कोरला. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी तो शोधला आणि १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ आपल्याला कळते ती त्यातूनच.

शिलालेख बहुतेक सगळा संस्कृतात आहे. मात्र शेवटी, जिथे मठाचा खर्च कशातून चालायचा हे लिहायची वेळ आली, तिथे भाषा मराठी होते. कारण ते बाजारातल्या माणसांना वाचता यायला हवं होतं. पाटणच्या बाजारात माल विकला की त्यावरच्या कराचा हिस्सा मठाला, गिऱ्हाइकामागे पाच सुपाऱ्या मठाला, आणि गावात जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येक घाण्यामागे पळी-पळी तेल. रात्री वाचायला दिवा लागत असणारच.